तेवीस घरांचे गावठाण

२०२१ च्या नोव्हेंबरात शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम टोकाकडच्या एका गावात गावठाण मोजणीचे ड्रोन यायचे होते, त्या दिवशी गावातल्या लोकांनी सकाळीच आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर असलेल्या धनगरवाड्यातल्या लोकांनीही त्या मारल्या. चुना पुरला नाही तेव्हा काहींनी चुलीतली राख ओढली. ड्रोन दुपारी गावठाणावरून फिरले आणि गेले. वाड्याकडे ते आले नाही आणि येणारही नव्हते, कारण स्वामित्व योजनेत मोजले जाते ते गावठाण, आणि हा वाडा कोणत्याच गावठाणात नव्हता.

मी त्या दिवशी गावात होतो तो वेगळ्याच कामासाठी. कोल्हापुरात मी नगररचना सल्लागार म्हणून काम करतो. प्लॉटचे रेखांकन, बिगरशेतीचे प्रस्ताव, झोन दाखले हा माझा रोजचा व्यवसाय, आणि आंबा घाटाच्या वाटेवर अलीकडे जी रिसॉर्टे उभी राहत आहेत त्यांपैकी एकाची जागा पाहायला मी आलो होतो. चहाच्या टपरीवर वाड्यातले एक वयस्क गृहस्थ, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, माझ्या हातातला नकाशा न्याहाळत म्हणाले, "सायेब, ह्यात आमी कुठं हाय?" मी शोधले. प्रादेशिक योजनेच्या नकाशात त्या जागी हिरवा रंग होता. गाव नकाशात गट क्रमांकांच्या दोन मोठ्या चौकटी आणि वनहद्दीची रेघ होती. घर एकही नव्हते. मी त्यांना "बघून सांगतो" म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य बहुतेक वेळा विषय संपवण्यासाठी वापरतात, हे मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी मी वर गेलो. वाडा म्हणजे एका ठिकाणी दाटीने वसलेली वस्ती नव्हे. तेवीस घरे, तीही पाच-सहा, पाच-सहा अशा पुंजक्यांनी, दोन ओढ्यांच्या मधल्या उतारावर सुमारे पाऊण किलोमीटरभर पसरलेली. माणसे १३७, त्यांतली बरीच तरुण मुले कामासाठी मुंबईत किंवा कोल्हापूरच्या एमआयडीसीत. गवळी धनगरांची ही वस्ती म्हशींवर चालते, म्हणून घराला लागून गोठा आणि गोठ्याला लागून गवताची गंजी असतेच. आम्ही हातातल्या जीपीएसवर प्रत्येक घराचा बिंदू घेतला आणि तो महसूल नकाशावर बसवला तेव्हा पहिली अडचण दिसली. अकरा घरे खासगी मालकीच्या गटात होती, नऊ वनहद्दीच्या आत आणि तीन गायरानात. एका सख्ख्या भावाचे घर सातबाऱ्यावर, दुसऱ्याचे वनात, आणि दोघांची सामाईक विहीर नेमकी हद्दीच्या रेघेवर, असाही एक प्रकार होता. घर बांधणाऱ्यांना या रेघा कधी दिसल्या नव्हत्या. त्यांनी घरे बांधली तेव्हा त्या जमिनीवर आखलेल्याही नव्हत्या.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे गावाच्या वसतिस्थानाची हद्द ठरवण्याचा आणि वेळोवेळी ती बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यामुळे गावठाण हा प्रकार अचल नाही, तो वाढवता येतो, एवढे मला पाठ होते. मला वाटले, एक चांगला प्रस्ताव तयार करावा, त्यात वस्तीचे नीट रेखांकन जोडावे, आणि पाठपुरावा करावा. या "नीट" शब्दाने माझे पहिले सहा महिने खाल्ले.

वाड्याच्या वर दहा मिनिटांच्या चढावर जांभ्याचा एक सपाट सडा आहे. नगररचनेचे शिक्षण घेतलेल्या कोणालाही तो पाहून मोह व्हावा अशी जागा. उतार नाही, झाडे तोडायची नाहीत, चौकोनी प्लॉट पाडता येतात, तेवीस घरे एकत्र आली की पाण्याची एकच टाकी, विजेचा एकच डीपी, एकच अंतर्गत रस्ता पुरतो. मी तसे रेखांकन केले. मध्ये मोकळी जागा, एका कडेला अंगणवाडी, दुसऱ्या कडेला सामाईक गोठ्यांची रांग. रंगीत प्रिंट काढून नेली आणि तात्यांच्या अंगणात गोधडीवर पसरली. पुरुष मंडळी वाकून पाहत होती, कोणी काही बोलेना. शेवटी ओट्यावर बसून हिरडे निवडणाऱ्या थोरल्या आजींनी हातातले काम न थांबवता विचारले, "लेकरा, तू सड्यावर आखाडात गेला हाईस का?"

गेलो नव्हतो. त्या जुलैत गेलो. सड्यावर घोटाभर पाणी साचले होते, आणि पश्चिमेकडून येणारा वारा इतका होता की दोन माणसांनी धरूनही टेप सरळ राहीना. छत्री उघडण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या सर्वेअरने इरले घेतले होते तेही पाठीवरून उलटले. तिथून खाली वाड्यात उतरलो तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले की प्रत्येक पुंजका डोंगराच्या एकेका सोंडेच्या पूर्वेच्या आडोशाला आहे, प्रत्येक घराच्या पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या झड्या बांधलेल्या आहेत, आणि म्हशी बांधलेल्या गोठ्यांची पाठही वाऱ्याकडेच आहे. एप्रिलमध्ये सड्यावर पुन्हा गेलो. जुलैत घोटाभर पाणी असलेल्या त्या जागी चिमणीला चोच बुडवायलाही थेंब नव्हता, कारण जांभा पाणी धरत नाही. ते झिरपून खालच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते, आणि हे झरे नेमके त्या पुंजक्यांच्या जवळ आहेत. एका झऱ्यावर किती म्हशी आणि किती माणसे भागतात याचा हिशेब लावून कोणीतरी कधीतरी ती घरे विखरून बसवली होती. मी ज्याला अस्ताव्यस्त वस्ती म्हणत होतो ती पाण्याच्या मापाने पाडलेली वाटणी होती. रंगीत प्रिंट मी परत आणली नाही. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तात्यांची नात चित्रे काढत असे.

इथे थोडे आडवळण घेतो, पण विषयाला धरून. आम्हा कोल्हापूरकरांना आखीव गावाचे उदाहरण घ्यायला लांब जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास शिरोळ रोड स्टेशनाजवळ जयसिंगपूर वसवले, काटकोनात छेदणारे रस्ते, गल्ल्यांना क्रमांक, मध्ये बाजारपेठ. ते गाव वाढले आणि ती चौकट आजही टिकून आहे. त्याआधी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी हीसुद्धा आखून केलेली पेठ. मी शिकताना या दोन उदाहरणांनी भारावून गेलो होतो, आणि माझा सड्यावरचा नकाशा, खरे सांगायचे तर, जयसिंगपूरचीच गरीब नक्कल होती. जयसिंगपूर सपाटीवर, रेल्वेच्या कडेला, व्यापारासाठी उभे राहिले. तिथे माणसे येऊन राहतील हे गृहीत होते. वाड्यात माणसे आधीपासून होती, आणि ती कशासाठी तिथे आहेत हे समजून घेण्याआधी मी त्यांना रांगेत उभे करायला निघालो होतो.

दुसरा धडा आकड्यांनी दिला. प्रस्तावाला जोडण्यासाठी मी वस्तीला कोणत्या सुविधा लागू होतात याचा तक्ता करायला घेतला. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत जोडण्यासाठी वस्तीची लोकसंख्या सपाटीवर ५०० लागते. २५० ची सवलत डोंगरी राज्ये, वाळवंटी प्रदेश, अनुसूचित क्षेत्रे अशांना आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातला सह्याद्री कितीही उभा असला तरी महाराष्ट्र हे त्या यादीतले डोंगरी राज्य नाही. आरोग्य उपकेंद्र ५,००० लोकसंख्येला एक, डोंगरी भागात ३,००० ला. छोटी अंगणवाडी डोंगरी भागातही १५० माणसांपासून पुढे. शहरांच्या नियोजनासाठी केंद्राची जी मार्गदर्शक तत्त्वे आम्ही वापरतो त्यांत प्राथमिक शाळा ५,००० लोकसंख्येमागे एक. माझ्या वस्तीत १३७ माणसे. प्रत्येक रकान्यात "लागू नाही" लिहीत गेलो आणि शेवटी तो तक्ता जोडलाच नाही, कारण तो आमच्याच विरुद्ध साक्ष देत होता. गंमत अशी की ग्रामसडक योजनेच्या व्याख्येत डोंगरी भागात बारमाही रस्त्यापासून दीड किलोमीटरपर्यंतच्या पायवाटेवर असलेली वस्ती जोडलेलीच समजली जाते. आमची पायवाट १.३ किलोमीटर आणि चढ १७० मीटर. म्हणजे माणसे कमी म्हणून रस्ता नाही, आणि माणसे पुरेशी असती तरी रस्ता जवळच आहे.

माणसे मोजून सुविधा वाटायच्या हा नियम दाट वस्तीत योग्यच आहे, कारण तिथे अंतर हा प्रश्न नसतो, गर्दी हा असतो. विरळ वस्तीत उलटे असते. म्हणून मी माणसे मोजणे थांबवून मिनिटे मोजायला लागलो. वाड्यातल्या एका सुनेबरोबर दुधाची किटली घेऊन खाली संकलन केंद्रापर्यंत गेलो: उतरायला २५ मिनिटे, चढायला ४०, आणि वर येताना तिच्या डोक्यावर पेंडीचे पोते होते, माझ्या हातात फक्त घड्याळ. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याच अंतरावर. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आणि कागदावर सरळ रेषेत ती आहेही. पावसाळ्यात मात्र हा सगळा हिशेब एका ओढ्यापाशी अडतो. पायवाट जिथे ओढा ओलांडते तिथे एरवी पाच उड्यांत पलीकडे जाता येते. पाणी आले की कधी दोन तास, कधी दोन दिवस थांबावे लागते. आजाऱ्याला घोंगड्याच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून चौघे खांद्यावर नेतात. ते खाली गावापर्यंत ५० मिनिटांत पोहोचतात, पुढे मलकापूरच्या दवाखान्यापर्यंत गाडी मिळते. ओढा भरलेला असेल तर या मिनिटांना काही अर्थ राहत नाही.

हा मिनिटांचा नकाशा मी पेन्सिलीने काढला होता, एकाच रंगात. तो घेऊन बसलो तेव्हा मात्र अंगणात सगळे बोलू लागले. कोणी म्हणाले हिरड्याच्या रानाकडची वाट यात नाही, कोणी म्हणाले म्हशींची वाट वेगळी दाखवा, ती माणसांच्या वाटेपेक्षा लांब पडते. "आदी काय पायजे?" असे तात्यांनी सगळ्यांना विचारले. माझ्या मनात उत्तर तयार होते, रस्ता. बायकांनी एका तोंडाने सांगितले, साकव. रस्त्याला वर्षे लागतील हे त्यांना माझ्याहून आधी कळले होते. ओढ्यावर माणसाला जाण्यापुरता पूल झाला तर पोरांची शाळा आणि दूध दोन्ही पावसाळ्यात चालू राहील. साकवाचे काम डोंगरी विकासाच्या निधीतून मंजूर झाले आणि २०२३ च्या पावसाळ्याआधी तो उभा राहिला. साडेतीन वर्षांत सर्वांत कमी कागद लागलेले आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेले काम हेच, आणि ते माझ्या मूळ प्रस्तावात नव्हते.

रस्त्याची कथा लांब आहे, पण तिच्यातला एक भाग सांगण्यासारखा आहे. सरळ चढणारी पायवाट गाडीला चालत नाही, म्हणून वळणे घेत जाणारी २.८ किलोमीटरची आखणी केली, जेणेकरून चढ साधारण १६ ला १ राहील. त्यातले २.१ किलोमीटर वनातून जातात. वन हक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पाणीपुरवठा, विजेच्या तारा, रस्ते अशा १३ सुविधांसाठी वनजमीन वळती करण्याची सोपी वाट ठेवली आहे, पण तिच्या अटी पक्क्या आहेत: प्रत्येक बाबतीत जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, तोडायची झाडे हेक्टरी ७५ च्या वर नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. रस्ता करणाऱ्या खात्याच्या पहिल्या नमुन्यात रुंदी पाच मीटर धरली होती. २,१०० गुणिले ५ म्हणजे १.०५ हेक्टर. पाच गुंठ्यांसाठी प्रस्ताव परत आला, आणि तो परत येण्यात कोणाची चूक नव्हती. गुणाकार मीच तपासायला हवा होता. रुंदी चार मीटर केली, गाड्यांना एकमेकांना जागा देण्यासाठी चार ठिकाणी रुंद कप्पे ठेवले, आणि क्षेत्र ०.८६४ हेक्टरवर आले. हेक्टरी ७५ च्या हिशेबाने आता ६४ झाडे तोडता येणार होती.

म्हणून झाडे मोजायची. वनरक्षक, सर्वेअर, तात्या, वाड्यातली दोन मुले आणि मी असे सकाळी सातला निघालो. मुलांच्या हातात चुन्याची बादली आणि चिंध्यांचा झाडू. आखणीच्या दोरीच्या आत आलेल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर पट्टा मारायचा आणि वनरक्षकाने वहीत जात आणि घेर लिहायचा. जांभूळ, अंजन, ऐन, किंजळ, पुन्हा अंजन. दुपारी मोजणी संपली तेव्हा आकडा ७१ भरला. सात झाडे जास्त. आम्ही डबे उघडून तिथेच बसलो असताना आजी काठी टेकत तिथवर आल्या होत्या, त्यांनी पट्टे मारलेल्या झाडांमधून एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "ह्यात आमचं हिरडं नऊ हाईत." हिरडा गोळा करून विकणे हे त्या घरांचे रोख उत्पन्नाचे एक साधन आहे. रस्ता ज्यांच्यासाठी, त्यांचीच कमाई त्याच्याखाली जाणार होती. तिसऱ्या वळणाजवळच्या कातळाला वरून वळसा घालण्याऐवजी खालून घातला तर काय होईल, असे तात्यांनी सुचवले. चढ थोडा वाढला, एक मोरी जास्तीची आली, पण हिरड्याच्या पट्ट्यातून सुटका झाली आणि झाडे ५८ वर आली. त्यांत हिरडे दोन. त्या दोन झाडांसाठी आजींनी माझ्याशी चार दिवस अबोला धरला होता.

ग्रामसभेचे थोडक्यात सांगतो. एरवीच्या ग्रामसभेला गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती; वन हक्काच्या ग्रामसभेला मात्र निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. वाडा गट ग्रामपंचायतीत, गाव खाली, अर्धे गाव मुंबईला. दोन सभा गणपूर्तीअभावी गेल्या. तिसरी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर ठेवली, चाकरमानी मंडळी अजून गावात असताना, आणि ठराव झाला. खालच्या गावातल्या काहींचा विरोध होता की रस्ता वर गेला तर वरची जमीन रिसॉर्टवाले घेतील. विरोध चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मी कोणाची जागा पाहायला त्या गावात प्रथम गेलो होतो हे मला आठवत होते. याच काळात पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची ३१ जुलै २०२४ ची प्रारूप अधिसूचना निघाली आणि "आता घराला वीटसुद्धा लावता येणार नाही" अशी आवई वाड्यात पोहोचली. खाणी आणि २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठे बांधकाम प्रकल्प यांवर त्या मसुद्यात बंदी आहे. तेवीसही घरे एकत्र केली तरी त्यांचे क्षेत्र दीड हजार चौरस मीटरच्या पुढे जात नाही, हे पाटीवर बेरीज करून दाखवावे लागले.

सर्वांत अवघड ठरली ती वनातली नऊ घरे. गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून वन हक्क कायद्यात ते इतर पारंपरिक वननिवासी ठरतात, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे वास्तव्य आणि वनावर अवलंबून असणे दाखवावे लागते. साधा हिशेब केला तर डिसेंबर १९३० च्या आधीचा पुरावा. ज्या वस्तीची नोंदच कोणी ठेवली नाही तिच्याकडे नोंद मागायची, यातला पेच कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावा, कारण नियमांत ज्येष्ठांचे जबाब, जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने हेही पुरावे म्हणून चालतात. आम्ही जबाब घेतले, ओढ्याकाठच्या थडग्यांचे आणि शेंदूर लावलेल्या देवाच्या दगडाचे फोटो काढले. पण एखादा कागद असता तर बरे, असे मी बोलून गेलो.

तात्यांनी पोटमाळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवली. वर लग्नपत्रिका, रेशनकार्डे, एक बंद पडलेला रेडिओ. तळाशी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या अकरा पावत्या. मोडीत लिहिलेल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शाई अजून काळीभोर. मला मोडी येत नाही. कोल्हापुरातल्या एका मोडी जाणकारांकडे त्या नेल्या. त्यांनी भिंग लावून पहिल्याच पावतीवरचे साल वाचले, फसली १३३६. म्हणजे इसवी १९२६-२७. जहागिरीच्या काळातली चराईची पावती, म्हशी अठरा, आणि देणाऱ्याच्या नावापुढे वस्तीचे नाव. तात्यांचे पणजोबा. मी फोन लावला तेव्हा तात्या म्हणाले, "आमास्नी वाटलं चराई भरल्याली पावती, जपून ठिवावी, कुणी परत मागितली तर." शंभर वर्षे त्या घराने पावती जपली ती दुसऱ्यांदा पैसे भरावे लागू नयेत म्हणून.

खासगी गटातल्या अकरा घरांचे काम कंटाळवाणे आहे, लवकर आटोपतो. सातबाऱ्यावर मूळ मालकाच्या वारसांची ३१ नावे, त्यांतली काही पुण्याला, काही मयत. संमतीपत्रे आजवर २२ मिळाली. गायरानातल्या तीन घरांना २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिल्हाभर निघालेल्या अतिक्रमणाच्या नोटिसांपैकी तीन आल्या; ती कुटुंबे त्या वर्षी दिवाळीत फराळ करायच्या मनःस्थितीत नव्हती. आणि आमची मुख्य फाइल एका कार्यालयात पाच महिने सापडत नव्हती. सापडली ती दुसऱ्या तालुक्यातल्या त्याच नावाच्या गावाच्या गठ्ठ्यात. "वाडी" आणि "वाडा" यांच्या याद्या इतक्या सारख्या आहेत की मला राग धरता आला नाही, पण पाच महिने गेले ते गेलेच.

वाड्यातले सगळेच तिथे राहू इच्छितात असे चित्र मी रंगवले तर ते खोटे ठरेल. चार घरांना कुलपे आहेत. तीन तरुण जोडप्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की खाली रस्त्याजवळ प्लॉट मिळेल का. भटक्या जमातींसाठीच्या मुक्त वसाहत योजनेत पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर अशी तरतूद आहे, ती मी त्यांना सांगितली. त्यांतल्या एकीने लगेच विचारले, "आन् म्हशी कुठं बांधू?" तिच्या नवऱ्याला म्हशी नको होत्या, तिला हव्या होत्या, महिन्याचे दुधाचे बिल तिच्या नावावर निघत होते. चांदोलीच्या जंगलातून उठवून सपाटीवर वसवलेल्या गावांत जाऊन आलेले एक जण तिथे बसले होते, ते एवढेच म्हणाले की तिकडे रस्ता चांगला आहे आणि चारा विकत घ्यावा लागतो. माझे मत विचाराल तर जे उतरू इच्छितात त्यांना उतरण्याची जागा आणि जे राहू इच्छितात त्यांना राहण्याचा कागद, अशा दोन वेगळ्या गोष्टी एका प्रस्तावात मागायला हव्यात. पण तसा नमुना कोणत्याच टेबलावर उपलब्ध नाही, म्हणून मी दोन प्रस्ताव केले आहेत.

आज परिस्थिती अशी आहे. साकव आहे. रस्त्याची वनविषयक परवानगी आली आहे, पहिल्या टप्प्यात दुसऱ्या वळणापर्यंत खडी पडली आहे, आणि दुधाची गाडी तिथवर चढते, त्यामुळे किटली देऊन परत चढून यायचे अंतर ४० मिनिटांवरून १८ वर आले आहे. वनातल्या नऊ घरांचे दावे उपविभागीय समितीकडे आहेत. गावठाण हद्दवाढीसाठी जो नकाशा आता दाखल करायचा आहे तो एका चौकोनाचा नाही. चार पुंजक्यांभोवती चार वेगवेगळ्या वेड्यावाकड्या रेघा, प्रत्येकीत एक झरा आणि गोठ्यांसाठी राखलेली जागा, आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा तीन मीटर रुंदीने नकाशावर आणलेल्या. माझ्या कार्यालयातल्या तरुण सहकारी बाईंनी तो पाहून विचारले की हा कच्चा आराखडा आहे का.

गेल्या रविवारी तो नकाशा घेऊन वर गेलो. आजींना आता दिसत कमी आहे. त्यांनी नातीकडून आपले घर कुठे आहे ते विचारून घेतले, त्यावर बोट ठेवले, आणि बोट तसेच सरकवत रेघेपर्यंत नेले. "आन् ही गंजीची जागा?" गवताची गंजी रेघेच्या बाहेर राहिली होती, जमिनीवर मोजले तर सहा मीटर. मी खिशातून खोडरबर काढले. सोमवारी नवी प्रत काढायची आहे.